संदर्भ : वस्तीची गोष्ट आणि तिचे भांडवल

नागपूरच्या झोपडपट्ट्यांतील मुलांच्या फुटबॉलवर आधारित ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. टी-सीरिज आणि तांडव फिल्म्स यांच्यासह त्याची निर्मिती करणारी ‘आटपाट’ ही संस्था दिग्दर्शक नागराज मंजुळे यांची स्वतःची आहे. दलित वस्त्यांचे जगणे पडद्यावर कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या नजरेने येते, या प्रश्नाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते.

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथील मंजुळे यांच्या ‘फँड्री’साठी भांडवल नवलाखा आर्ट्स आणि होली बेसिल या संस्थांनी पुरविले होते. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये मात्र झी स्टुडिओजच्या बरोबरीने ‘आटपाट’ सहनिर्माती होती. मराठीत १०० कोटी रुपयांहून अधिक गल्ला जमविणारा हा पहिला चित्रपट. पाठोपाठ २०१७ मध्ये विदर्भातील खेड्यात घडणारा ‘नाळ’ याच संस्थेच्या सहभागातून आला. कहाण्यांच्या आरंभी येणाऱ्या ‘आटपाट’ नगरात बहुधा राजा असतो. या संस्थेच्या गोष्टींत गावकुसाबाहेरची माणसे आहेत.

‘झुंड’ची कथा हिस्लॉप महाविद्यालयातील निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर बेतलेली आहे. पावसात फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळणारी मुले पाहून त्यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलचा उपक्रम सुरू केला. चित्रपटात त्यांच्यावर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. वस्तीतील मुलांच्या भूमिकांसाठी अनेक नवखे चेहरे नागपुरातूनच निवडण्यात आले. महाविद्यालयाचे मैदान आणि वस्ती यांच्यामधील भिंत ही या चित्रपटातील मध्यवर्ती प्रतिमा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून १४ एप्रिलची जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे या शहरातील दलित वस्त्यांचे मोठे उत्सव झाले. ‘झुंड’मध्ये आंबेडकर जयंतीचा सोहळा वस्तीचा स्वतःचा सण म्हणून येतो. मुख्य प्रवाहातील हिंदी चित्रपटांत असे दृश्य विरळाच.

महाराष्ट्रातील दलित चळवळीचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी जुने नाते आहे. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव ऑकलंड येथील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. चित्रपटनिर्मितीतही असे साम्य आढळते. दिग्दर्शक स्पाइक ली यांची ‘फोर्टी एकर्स अँड अ म्यूल’ ही निर्मितीसंस्था न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील आहे. १८६५ मध्ये मुक्त गुलामांना देऊ केलेली आणि त्याच वर्षी परत घेतलेली ४० एकर जमीन या नावातून स्मरते. ली यांनी सुमारे पावणेदोन लाख डॉलरमध्ये ‘शीज गॉटा हॅव इट’ (१९८६) हा चित्रपट ब्रुकलिनमध्येच चित्रित केला. १९८९ चा ‘डू द राइट थिंग’ तेथील बेडफर्ड-स्टायव्हसंट या कृष्णवर्णीय वस्तीतील एका रस्त्यावर घडतो. त्या रस्त्याच्या एका भागाला २०१५ मध्ये चित्रपटाचेच नाव देण्यात आले.

मात्र स्वतःची संस्था असली तरी पैशाची अडचण सुटतेच असे नाही. ‘माल्कम एक्स’ (१९९२) या चित्रपटाचा खर्च वाढल्यावर आर्थिक हमी देणाऱ्या कंपनीने खर्चावर नियंत्रण आणले. तेव्हा मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, ओप्रा विन्फ्रे आदी कृष्णवर्णीय मान्यवरांनी परतफेडीची अट न घालता पैसे दिले आणि ली यांनी तीन तासांहून अधिक लांबीचा आपल्या मनाजोगता चित्रपट पूर्ण केला.

‘आटपाट’च्या मोठ्या चित्रपटांनाही झी किंवा टी-सीरिजसारख्या बड्या कंपन्यांची साथ घ्यावी लागली. भांडवल आणि वितरणासाठी हे अवलंबन कायम असले, तरी सहनिर्माता म्हणून दिग्दर्शकाला पात्रनिवड, भाषा आणि चित्रीकरणस्थळ यांविषयीच्या निर्णयात भागीदाराच्या अधिकाराने बोलता येते. वस्तीची गोष्ट तिच्या स्वतःच्या चेहऱ्यामोहऱ्यासह पडद्यावर येण्यास हा अधिकार साहाय्यभूत ठरतो.