जनुकीय अस्थिविकारांतील सांधेरोपण

सदोष जनुकामुळे हाडांची किंवा कूर्चेची वाढ नीट न झालेल्या व्यक्तींच्या झिजलेल्या खुब्याच्या वा गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविणे, यास जनुकीय अस्थिविकारांतील सांधेरोपण म्हणतात. सांधेरोपण एरवी साठीच्या आसपास केले जाते. या रुग्णांना त्याची गरज विशी-तिशीतही पडते. ‘सांधा बदलणे’ हा रूढ शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. गुडघ्यात प्रत्यक्षात हाडांची झिजलेली टोके कापून त्यांवर धातूचे व पॉलिएथिलीनचे पृष्ठभाग बसवितात.

विकार व निदान

सर्वच अस्थिविकारांत सांधे झिजत नाहीत. अकोंड्रोप्लासियामध्ये उंची फार कमी राहते, तरी खुबे बहुधा शाबूत असतात. त्रास मणक्याचा होतो. याउलट एपिफिसियल डिसप्लेसियाच्या प्रकारांत हाडांची टोकेच सदोष असल्याने खुबा लवकर निकामी होतो.

भारतात अनेक कुटुंबांत आढळलेला प्रोग्रेसिव्ह स्यूडोऱ्हुमॅटॉइड डिसप्लेसिया हा विकार विशेष उल्लेखनीय आहे. तो सीसीएन६ या जनुकातील दोषामुळे होतो. साधारण तीन ते सहा वर्षे वयात चाल बदलते, बोटांची पेरे जाड दिसू लागतात. मूल संधिवाताचे समजून त्याला वर्षानुवर्षे स्टेरॉइड दिली जाण्याचा धोका असतो. वास्तविक येथे दाह नसतो. रक्तातील ईएसआर व सीआरपी सहसा सामान्य असतात आणि क्ष-किरण चित्रात मणके चपटे दिसतात. आपल्याकडे कोणत्याही सांधेदुखीला ‘वात’ म्हणण्याची सवय या मुलांना महागात पडते. हा विकार अप्रभावी वारशाचा आहे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. आते-मामे भावंडांच्या विवाहाची चाल असलेल्या महाराष्ट्रातील समाजांत ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

शस्त्रक्रियेतील अडचणी

मांडीचे हाड आखूड, वाकडे व त्याची पोकळी अरुंद असल्याने नेहमीच्या मापाचा सांधा बसत नाही. सीटी स्कॅनवरून लहान किंवा खास घडविलेला सांधा निवडावा लागतो. कधी हाड कापून आधी सरळ करावे लागते. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टामध्ये हाड शस्त्रक्रियेतच मोडू शकते, तर ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये ते इतके कठीण असते की छिद्र पाडणेच अवघड होते. काही विकारांत मानेचे वरचे मणके अस्थिर असतात, म्हणून भूल देण्यापूर्वी मानेची तपासणी अत्यावश्यक ठरते.

मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार सुमारे 58 टक्के कृत्रिम खुबे व 82 टक्के गुडघे 25 वर्षे टिकतात. पण हे आकडे मुख्यतः वयस्कर रुग्णांचे आहेत. पंचविशीत शस्त्रक्रिया झालेल्याला पुढे पुनर्शस्त्रक्रियेची तयारी ठेवावी लागते. तरीही ज्याचे चालणेच थांबले आहे, त्याला केवळ वय लहान म्हणून ताटकळत ठेवणे योग्य नाही.

महाराष्ट्र आणि कर्जत-खालापूर

लहान चणीच्या भारतीय रुग्णांसाठी पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत, कर वगळून, 54,720 रुपये ठरविली. खास घडविलेला सांधा मात्र महाग पडतो.

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांच्या रुग्णांना गुंतागुंतीच्या उपचारांसाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. कर्जत व खोपोलीहून लोकल आहे, पण डोंगरातील ठाकूर-कातकरी वाड्यांपासून स्टेशनापर्यंतची वाटच दुखऱ्या खुब्याला जड जाते. परळचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणानुसार उत्कृष्टता केंद्र आहे. 2012 मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या पहिल्या 8 जिल्ह्यांत रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. सांधा व रुग्णालय योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राला विचारावे. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये बुटकेपणाचाही समावेश असून प्रौढ व्यक्तीची उंची 147 सेंटिमीटर किंवा कमी असल्यास प्रमाणपत्र मिळू शकते.

रोपणानंतर उकिडवे बसणे व मांडी घालणे बहुधा टाळावे लागते. भातलावणी, चुलीपुढचा स्वयंपाक आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांवर ज्यांचा दिवस चालतो, त्यांच्या घरी कमोडची खुर्ची आणि उंच ओटा यांची सोय शस्त्रक्रियेआधीच करून ठेवावी लागते.