एका इंचात सहा फूट

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडची मुले अंगणात किल्ला करायला बसतात. दगडगोटे गोळा होतात, चिखल कालवला जातो, पोत्याचे तुकडे अंथरले जातात, वर मोहरी पेरून हिरवळ उगवते. अंबरनाथ-बदलापूरकडची पोरे समोरचा मलंगगड डोळ्यांपुढे ठेवून सुळका उभा करतात. मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे मांडायचे. आणि इथेच गंमत होते. मावळा दरवाजाहून उंच निघतो! पोरांना त्याचे काही वाटत नाही. तो खेळच आहे. पण एखादा चौकस मुलगा विचारतो, "गुरुजी, हा मावळा या दरवाजातून आत कसा जाणार?" तो प्रश्न आला की खेळ थांबतो आणि मोजमाप सुरू होते.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते लढाऊ जेट विमानाच्या छोट्या प्रतिकृतीबद्दल. ती हुबेहूब कशी करतात, ही रीत कुठून आली, आणि आपल्या शाळांतून ती का करून पाहावी, एवढेच सांगायचे आहे.

प्रतिकृतीचा जीव प्रमाणात असतो. प्रमाण म्हणजे काय? खऱ्या वस्तूची प्रत्येक लांबी एकाच आकड्याने भागायची. दरवाजा ज्या आकड्याने भागला, त्याच आकड्याने मावळाही भागायचा. विमानांच्या बाबतीत जगभर जास्तीत जास्त चालणारा आकडा म्हणजे ७२. तो का निवडला? इंग्रजी मापांत एक फूट म्हणजे बारा इंच, सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. म्हणून सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात स्कायबर्ड्स नावाचे लाकडी संच निघाले, त्यांनी हे प्रमाण रूढ केले. १९३६ साली फ्रॉग कंपनीने याच प्रमाणात प्लॅस्टिकचे संच काढले.

मोठ्या वस्तूचे छोटे रूप करण्याची हौस मात्र आपल्याला नवी नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराकडेच पाहा ना. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०च्या सुमाराचा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा शिलालेख तिथे आहे. देवळाचे शिखर आज पुरते शाबूत नाही, पण उरलेला भाग पाहिला तरी रीत कळते. शिखराच्या अंगावर छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी रचल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक शिखरिका म्हणजे मोठ्या शिखराचीच लहान आवृत्ती. या शैलीला भूमिज शैली म्हणतात. पाथरवटाच्या हातात हिशोब पक्का नसता, तर या ओळी वर जाताना वाकड्या झाल्या असत्या.

आता तिथून दोन-तीन मैलांवर उल्हासनगरला येऊ. आज जिथे हे शहर आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात कल्याणची मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही माणसे पत्ता सांगताना "कॅम्प नंबर चार" असेच म्हणतात. ज्या युद्धासाठी ही छावणी उभी राहिली, त्याच युद्धात छोट्या विमानांना फार मोठे काम लागले.

झाले असे, की आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकाला काही क्षणांत ओळखावे लागे. चूक झाली तर आपलाच वैमानिक आपल्याच गोळीने जाणार. चित्रावरून ओळख पुरी होत नाही, कारण विमान कधी समोरून दिसते, कधी पोटाकडून, कधी तिरपे. म्हणून १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांना साद घातली. मुलांनी लाकडी विमाने करून द्यावीत, प्रमाण एकास बहात्तर. मागणी किती? पाच लाख! नौदलाकडून आराखडे आले, मुलांनी लाकूड तासले, आणि विमाने साऱ्या अंगाने काळी रंगवली. कारण आकाशात रंग दिसत नाही, आकार दिसतो. हिशोब पाहा. असे विमान दहा मीटरवर धरले की खरे विमान ७२० मीटरवर जेवढे दिसेल तेवढे ते दिसते. वर्गाच्या एका टोकाला विमान टांगले की दुसऱ्या टोकाला बसून आकाश शिकता येते. अर्थात, माप चुकलेले विमान तिथे चालत नसे. चुकीची प्रतिकृती चुकीची ओळख शिकवते.

विमान बनवणारे लोकही आधी प्रतिकृतीच करतात. आपल्याच देशातले उदाहरण घ्या. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात जर्मन तंत्रज्ञ कुर्ट टांक यांच्या हाताखाली मरुत हे लढाऊ जेट आकाराला येत होते. तेव्हा १९५९ साली त्याचे पूर्ण मापाचे लाकडी रूप आधी तयार केले. त्याला इंजिन नव्हते. डाकोटा विमानाने ओढून वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. मग ते तरंगत खाली येई. पंख कसे वागतात, सुकाणू कसे ऐकते, हे त्या लाकडाने सांगितले. जून १९६१मध्ये सुरंजन दास यांनी खरे मरुत उडवले. पण ज्या ताकदवान इंजिनासाठी ते आखले होते, ते इंजिन काही मिळाले नाही, आणि कमी जोराच्या इंजिनावरच त्याला आयुष्य काढावे लागले. लाकडी रूपाने आकाराची परीक्षा दिली. इंजिनाची परीक्षा ते देऊ शकत नव्हते. प्रतिकृती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे दोन्ही ध्यानात ठेवलेले बरे.

अंबरनाथला हे सांगायला नकोच. तिथे १९५०च्या दशकापासून मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. नावातच 'प्रोटोटाइप', म्हणजे पहिला नमुना. पहिला नमुना बरोबर उतरला तर पुढचा माल बरोबर. कानस कुठे थांबवायची, हे कळलेली माणसे या गावांत घरोघर आहेत. शाळेत विमान करायचे ठरले तर अशा एखाद्या निवृत्त फिटरकाकांना किंवा गावच्या सुतारदादांना जरूर बोलवावे.

मग विमान कोणते करावे? मी सुचवीन मिग-२१. आपल्या हवाई दलात १९६३ साली आलेले हे ध्वनीपेक्षा वेगवान असे पहिले विमान. आणि ते आपल्या महाराष्ट्रात तयार झाले. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक अंबरनाथ-बदलापूरवरून कर्जतकडे, दुसरा कसाऱ्यावरून नाशिककडे. त्या नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली कारखाना उभा राहिला. इंजिने ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमान ओझरला, अशी वाटणी होती. सहाशेंहून अधिक मिग-२१ तिथून बाहेर पडली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला या विमानाला निरोप दिला गेला. म्हणजे आपल्या मुलांना ते आकाशात उडताना दिसणार नाही; कुठल्या चौकात नाहीतर संग्रहालयात उभे असलेले तेवढे दिसेल.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, तीन बाजूंचा आराखडा मिळवायचा: वरून, बाजूने आणि समोरून. मिगच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर. बहात्तरने भागा, जेमतेम दहा सेंटिमीटर. उंची ४.१ मीटर; भागल्यावर पावणेसहा सेंटिमीटरांच्या आत. हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा. आणि मग सांगावे, की बाळांनो, इथे एक मिलिमीटर चुकला तर खऱ्या विमानात बहात्तर मिलिमीटर, म्हणजे चार बोटे चुकली!

धडासाठी सावरी किंवा पांगाऱ्यासारखे हलके लाकूड चालते. मिगचे धड जवळजवळ नळीसारखे, म्हणून करायला सोपे. बाजूच्या आकाराचा जाड कागदाचा साचा कापायचा, लाकडावर आखायचा आणि पटाशीने हळूहळू उतरवायचे. मधूनमधून साचा लावून पाहायचा. घाई केली की लाकूड जाते. गेलेले लाकूड परत लावता येत नाही. नाकाशी गोल तोंड असते, त्यात मधोमध एक शंकू. त्या तोंडातून इंजिनाला हवा मिळते आणि तो शंकू वेगात येणाऱ्या हवेला आवर घालतो. पंख त्रिकोणी, पातळ प्लायवूडचे. पुढची कड ५७ अंशांनी मागे वळलेली. कोनमापकाला एरवी वर्गात असे काम कुठे मिळते? सांध्यांत लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची. वैमानिकावरची काच करायला पाण्याच्या पारदर्शक बाटलीचा तुकडा गरम करून लाकडी साच्यावर आवळतात. हे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे.

आता इथे खरा इतिहास सुरू होतो. मिग-२१ असे एकच विमान नाही. ओझरला आधी एफएल जातीचे झाले, मग एम, मग बिस. एफएलच्या नाकावरची दांडी वर मधोमध. एमची उजवीकडे सरकलेली. एफएलच्या पंखांखाली शस्त्रे टांगायच्या जागा दोन, एमच्या चार. पाठीवरचा उंचवटा एफएलचा सडपातळ; पुढच्या जातींत तो फुगत गेला. एफएलच्या धडात स्वतःची तोफच नव्हती. ती वेगळ्या खोळीत घालून पोटाखाली टांगावी लागे. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले, ते या तोफेने. त्या दिवशीचे विमान करायचे, तर पोटाखाली ती खोळ हवीच. बिसचे धड घेऊन त्यावर १९७१चा प्रसंग लिहिला, तर तो मावळ्याच्या दरवाजासारखाच प्रकार झाला.

म्हणून प्रतिकृती करणाऱ्याने आधी ठरवायचे: कोणत्या जातीचे विमान, कोणत्या वर्षाचे. रंगही त्यावरच ठरतो. सुरुवातीची मिग विमाने उघड्या धातूच्या चंदेरी रंगाची होती. १९७१च्या युद्धात दडण्यासाठी त्यांवर हिरवे-तपकिरी रंग चढले. हवाई दलाचे चक्र काढताना बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा, हा क्रम चुकवू नये. आणि काही गोष्टी मुद्दाम सोडाव्याही लागतात. पाच मिलिमीटरचा रिव्हेट बहात्तरने भागला तर केसाएवढा उरतो. तो ठसठशीत काढला तर खोटा दिसतो.

एक गोष्ट मात्र सोडू नये. काचेखाली अंगठ्याच्या पेराएवढी जागा आहे, तिथे वैमानिक बसवावा. उभा केला तर एक इंचाचा होईल असा. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले होते, की आपण घेतलेल्या सर्व जातींच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिक गेले आणि जमिनीवरचे ३९ नागरिकही गेले. विमानाने युद्धात नाव मिळवले हे खरे, आणि हे आकडेही खरे. फलकावर पहिले लिहायचे आणि दुसरे गाळायचे, हे माप चुकवणेच झाले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या एका कामात भागाकार येतो, कोन येतात, सुतारकाम येते आणि इतिहास येतो. खर्च थोडा आहे. बाजारातला तयार संच मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर लाकूड, पटाशी आणि फूटपट्टी पुरे. पहिले विमान बिघडेल, बिघडू द्या. दुसऱ्या वेळी मुले साचा न सांगता लावून पाहतील.

आणि पुढच्या दिवाळीत किल्ला करताना एखादा मुलगा आधी दरवाजा मोजील आणि मग मावळा निवडील. तेवढे झाले तरी आपले काम झाले.