चित्रातील लक्षणा : वृत्तपत्रीय विचारचित्राचा विकास

वृत्तपत्रांतील रेखाचित्रांची विभागणी बहुधा दोन कोटींत केली जाते. मजकुरातील प्रसंग वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा करते ते बोधचित्र; व्यक्तीच्या वा घटनेच्या विसंगतीवर बोट ठेवून हसविते ते व्यंगचित्र. परंतु गेल्या दोन शतकांत ह्या दोहोंहून निराळी अशी तिसरी कोटीही आकारास आली आहे. तिला विचारचित्र म्हणता येईल. चलनवाढ, युद्धाची नैतिक जबाबदारी, नागरिकांची मूक संमती हे विषय डोळ्यांना दिसत नाहीत. विचारचित्र त्यांना रूप देते. ते प्रसंग सांगत नाही, प्रतिपादन करते. चित्राला प्रतिपादन करता येते काय, आणि येत असल्यास त्याला शब्दाइतके स्वातंत्र्य असावे काय, हा ह्या इतिहासातील मूळ वाद होय.

भाषेशी तुलना केली असता चित्राची साधने तोकडी दिसतात. चित्रात नकार नाही, काळ नाही, 'जर-तर' नाही. 'राजा लोभी नाही' हे वाक्य लिहिता येते. त्याचे चित्र काढता येत नाही. म्हणून अमूर्त विधान करावयाचे झाल्यास चित्रकाराला लक्षणेचा आश्रय करावा लागतो. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेचे तीन हेतू सांगितले आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी अथवा प्रयोजन. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, असे म्हटल्यावर प्रवाहावर वस्ती असणे अशक्य म्हणून श्रोता तीराकडे वळतो, आणि त्याला तेथील शीतलता व पावित्र्य ह्यांचा प्रत्यय येतो. विचारचित्राची घडण पुष्कळशी ह्याच प्रकारची असते.

ह्याचे पहिले ठळक उदाहरण पॅरिसमध्ये आढळते. 1830 च्या जुलै क्रांतीनंतर लुई फिलिप गादीवर आला आणि त्याच वर्षी शार्ल फिलिपों ह्याने 'ला कारिकातूर' हे साप्ताहिक सुरू केले. राजाचा उपमर्द केल्याच्या आरोपावरून 14 नोव्हेंबर 1831 रोजी फिलिपोंवर खटला चालला. त्याने न्यायालयात चार आकृती रेखाटून दाखविल्या. पहिलीत राजाचा चेहरा होता, चौथीत केवळ नासपतीचे फळ. मधल्या दोन आकृतींमुळे एक दुसऱ्यात केव्हा मिसळले हे सांगणे अवघड झाले. पहिली आकृती अपराध ठरली तर फळही अपराधी ठरेल, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याला सहा महिने कारावास व 2000 फ्रँक दंड झाला. पण ते फळ पॅरिसच्या भिंतीभिंतींवर उमटू लागले. प्रयोजनातून जन्मलेली लक्षणा अल्पावधीतच रूढ झाली.

बचावाचे मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. फिलिपोंने अभिधेचा आडोसा घेतला. न्यायालयाने लक्ष्यार्थाला शिक्षा दिली. पुढे राजावर प्राणघातक हल्ला झाल्यानंतर सप्टेंबर 1835 च्या कायद्याने चित्रांना पूर्वपरवानगी आवश्यक केली. 1830 च्या सनदेने अभ्यवेक्षण पुन्हा न आणण्याचे वचन दिले होते. तरीही लेखन केवळ मत असते, चित्र मात्र डोळ्यांना आवाहन करून कृतीस प्रवृत्त करते, असे समर्थन शासनाने केले. अर्थात चित्र काही म्हणते, हे मान्य करूनच त्याला मताचे संरक्षण नाकारण्यात आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टॉमस नॅस्टने 'हार्पर्स वीकली'त पक्षांची प्रतीके रुजविली. 1874 मध्ये त्याने रिपब्लिकन मतांसाठी हत्ती काढला, तेव्हा त्याच्या अंगावर अर्थ सांगणारी अक्षरे लिहावी लागली. संबंध वाचकाच्या परिचयाचा नसला की चित्राला शब्दाची कुबडी लागते; तो अतिपरिचित झाला की चित्र निर्जीव होते. शांततेचे कबुतर वा न्यायाचा तराजू आज कोणाला थांबवीत नाही. ह्या दोन टोकांमधील वाट शोधणे हेच विचारचित्रकाराचे खरे कौशल्य.

विसाव्या शतकात छायाचित्राने प्रसंगवर्णनाचे काम आपल्याकडे घेतले. कॅमेऱ्याला जे टिपता येत नाही, तिकडे रेखाचित्र वळले. ह्या वाटणीचा उत्तम दाखला डेव्हिड लेव्हाइन ह्यांच्या 1966 मधील चित्रात मिळतो. अध्यक्ष लिंडन जॉन्सन ह्यांनी ऑक्टोबर 1965 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा व्रण सदरा वर करून वार्ताहरांना दाखविला होता. छायाचित्रात तो व्रणच होता. लेव्हाइन ह्यांनी 'न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'साठी तोच प्रसंग रेखाटला आणि व्रणाला व्हिएतनामच्या नकाशाचा आकार दिला. व्रण देशाच्या आकाराचा असणे संभवत नाही, हा मुख्यार्थाचा बाध. जखम आणि युद्ध ह्यांचे साहचर्य, हा संबंध. आणि युद्धाची खूण अध्यक्षांच्या देहावरून आता पुसली जाणार नाही, हे प्रयोजन. ह्या चित्राला मथळ्याची गरज उरली नाही.

ह्या पद्धतीला दैनिकात नियमित स्थान मिळाले ते 21 सप्टेंबर 1970 रोजी. त्या दिवशी 'न्यू यॉर्क टाइम्स'ने संपादकीय पृष्ठासमोरील पान बाहेरच्या लेखकांच्या मतांसाठी खुले केले. हॅरिसन सॉलिसबरी पानाचे संपादक होते. कलादिग्दर्शक जां-क्लोद स्वारेस ह्यांनी ब्रॅड हॉलंड, रोलां तोपोर प्रभृती चित्रकारांना तेथे आणले. चित्राने लेखाची पुनरुक्ती करू नये, लेखाच्या शेजारी उभे राहून स्वतःचे म्हणणे मांडावे, ही भूमिका त्या पानावर रुजली. मुद्रणाची स्थितीही तिला पोषक होती. 1978 पर्यंत ते दैनिक ओतीव शिशाच्या खिळ्यांवर छापले जात असे, आणि भरड कागदावर काळ्या शाईची रेषाच स्वच्छ उमटे.

तथापि वाद मिटला नाही. त्या पानाच्या कलादिग्दर्शिका म्हणून पुढे काम केलेल्या जेरेल क्राउस ह्यांच्या 2008 मधील ग्रंथात छापून आलेल्या चित्रांबरोबर नाकारली गेलेली चित्रेही आहेत. लेखातील आक्षेपार्ह वाक्य संपादकाला बदलता येते. चित्रातील लक्ष्यार्थ निश्चित वाक्यात पकडता येत नाही, म्हणून तेथे बहुधा संपूर्ण चित्रच नाकारावे लागते. 1835 ची शंका संपादकाच्या मेजावर निराळ्या रूपाने टिकून राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत 'व्यंगचित्र' हा शब्द न्यूनतावाचक 'व्यंगा'वर उभा आहे. विचारचित्राचे बळ मात्र 'व्यंग्या'त, म्हणजे सूचित अर्थात असते. एका यकाराचा हा भेद आहे. परंतु चित्राला शोभा मानावयाचे की विधान, हा निर्णय त्यात सामावलेला आहे. नियतकालिकांचे अभ्यासक जुने अंक चाळताना लेख वाचतात आणि चित्रे ओलांडून पुढे जातात. ती चित्रेही त्या काळाची विधानेच आहेत. लेखांप्रमाणे त्यांचेही वाचन झाल्याखेरीज त्या काळाच्या मतप्रवाहांचा इतिहास पुरा होणार नाही.