किल्ल्यावरील गवळणीचे कुळ

पटावर मांडावयाच्या चिमुकल्या सैनिकांना झटपट रंग देण्याच्या विद्येचे कुळ शोधू जाणारा मनुष्य सहसा युरोपात जाऊन पोहोचतो. न्युरेंबर्गच्या हाइनरिक्सनने १८३९ मध्ये कथलाचे चपटे शिपाई ओतण्याचा कारखाना काढला, लंडनच्या ब्रिटन घराण्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ शिपाई आणले, एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये त्यांच्या लढाईचे नियम ग्रंथबद्ध केले आणि एअरफिक्सने १९५९ पासून इंचभर उंचीची प्लास्टिकची फौज मुलांच्या हाती दिली. एवढी फौज एकेक करून रंगविणे अशक्य; म्हणून फळीवर ओळीने शिपाई मांडून सर्वांना आधी फिकट अस्तर, मग सर्वांच्या अंगरख्यांना एक रंग, मग सर्वांच्या टोप्यांना दुसरा, आणि अखेरीस पातळ केलेला काळपट रंग वरून सोडावयाचा, की तो चुण्यांत उतरतो व उंचवटे आपोआप उजळ राहतात, अशी रीत रूढ झाली.

हीच रीत, तो शेवटचा काळपट हात वगळून, दिवाळीपूर्वी आपल्या कुंभारांच्या पडवीत चालते. साच्यातून निघालेल्या मावळ्यांच्या रांगेवर पांढरे अस्तर, मग चेहऱ्यांचा रंग, मग पागोटी, आणि सर्वांत शेवटी काळ्याचे दोन ठिपके व मिशीची एक रेघ! शिरूर-दौंडच्या बाजारात हे मावळे मांडलेले पाहून कित्येकांचा असा तर्क धावतो, की ही सारी छावणीची देणगी असावी. कारण घोडनदीकाठी शिरूरास इंग्रजांची छावणी पेशवाईच्या अखेरीसच पडली होती, आणि पुढे दौंडला रेल्वेचे मोठे ठाणे होऊन गोऱ्या व अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती झाली. त्यांच्या मुलांचे शिशाचे शिपाई पाहून कुंभाराने साचे घडविले, असे त्यांचे म्हणणे.

हा तर्क मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण म्हणजे त्या मावळ्यांच्याच टोपलीत सापडणारी गवळण. डोक्यावर घागर घेतलेल्या या बाईचे फौजेत काय काम? कोणी म्हणतील, ती रायगडाची हिरकणी. परंतु हिरकणी एकटी आणि कड्यावर हवी. ही तर पायथ्याशी, गाईगुरांच्या व भाजीवालीच्या शेजारी उभी असते. माझे मत असे, की ती बलिप्रतिपदेच्या अंगणातून आली. त्या दिवशी आपल्या खेड्यांत शेणाच्या गवळणी आणि पेंद्या मांडतात. त्यांना रंग नसतो, हळदीकुंकवाचे बोट लागते आणि डोक्यावर झेंडूचे फूल खोचले जाते, एवढ्याने शेणाच्या गोळ्याला माणूसपण येते. रंगाचा सारा खर्च मस्तकावर करावा, अंग जसे असेल तसे सोडावे, ही काटकसर तेथे आधीपासूनच सिद्ध होती. त्याच सणात, त्याच अंगणात, मुलांच्या मातीच्या किल्ल्यावर मोहरी-अळिवाची हिरवळ उगवली, तेव्हा गवळण चार पावले सरकून तटाखाली उभी राहिली आणि तिच्या मागोमाग झेंडूच्या जागी पागोटे घातलेला मावळा आला. तो छावणीतून आला असता तर त्याच्या अंगावर लाल डगला असता आणि रंगाऱ्याचा जीव त्या डगल्याच्या गुंड्यांत अडकला असता. आपल्या मावळ्याचे मात्र पागोटे ठसठशीत आणि अंगरखा एका हाताचा असतो.

छावणीच्या पक्षाची एक गोष्ट मान्य करावीच लागेल. खांद्यावर बंदूक टेकवून, टाचा जुळवून, चौकोनी पायथ्यावर ताठ उभा असलेला पहारेकरी गवळणीच्या कुळातला नव्हे. ती कवायतीची ठेवण शिशाच्या शिपायाचीच, आणि पायथाही बहुधा त्याच्याकडूनच उसना घेतलेला, कारण शेणाच्या गवळणीला बूड जमिनीचेच पुरते. मात्र त्यालाही आपल्या कुंभाराने पागोटे घातले आणि रंगाचा पहिला मान त्या पागोट्यालाच दिला.

आता प्लास्टिकचे मावळेही मिळू लागले आहेत, त्यांना घरी रंग देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मऊ प्लास्टिक रंग धरत नाही. साच्याचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून, पातळ केलेल्या गोंदाचा एक हात दिल्यावाचून पागोट्याचा रंग खेळताना पापुद्र्याने सुटतो.