दोरावरून उतरताना

पी.टी.च्या तासाला दोरावर चढणे मला जमे. उतरताना मात्र हात सुटत नसत. सर खालून ओरडत, "घाई नको, पायांची पकड ठेव!"

28 नोव्हेंबर 2008 च्या सकाळी चेंबूरच्या घरी टीव्हीसमोर तो आवाज आठवला. कुलाब्यात नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून एनएसजीचे कमांडो दोरावरून उतरत होते. सैन्यात याला 'स्लिदरिंग' म्हणतात. हातमोजे घातलेले दोन्ही हात दोरावर, त्यामुळे बंदूक चालवता येत नाही. हेलिकॉप्टरही तेवढा वेळ एका जागी स्थिर, म्हणजे नेम धरायला सोपे. उतरण्याचे हे मोजके क्षणच सर्वांत धोक्याचे. म्हणून आधी मनोऱ्यावरून, मग हेलिकॉप्टरमधून, हे पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

त्या कारवाईत हवालदार गजेंद्र सिंह बिष्ट शहीद झाले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. कमांडोंना दिल्लीहून यावे लागले होते. 2009 मध्ये एनएसजीचे केंद्र मुंबईतच सुरू झाले.

सर, नवे सॉफ्टवेअर सुरू करण्यापूर्वी मी सहकाऱ्यांना तीच चाचणी दहादा करायला लावते. ते कुरकुरतात. आम्हीही तुमच्या दोराखाली कुरकुरायचो.