बोर्डी ते जिद्दा: अंतर, वेळ आणि एहराम
मुंबई ते जिद्दा हवाई अंतर साधारण ३,५०० किलोमीटर. थेट विमान पाच-साडेपाच तास घेतं. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून इथून सकाळी ६ ला सुटलेलं विमान तिथल्या ९ च्या सुमारास उतरतं. फोनची वाट बघणाऱ्या घरच्यांनी घाबरू नये.

आम्हा बोर्डीकरांचा सफर मात्र घोलवड स्टेशनापासूनच सुरू होतो. डहाणूहून अंधेरीपर्यंत लोकलनेच दोन तासांहून जास्त जातात, शिवाय विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं.

महत्त्वाची गोष्ट एहरामची. उमऱ्याला थेट जिद्द्याला जाणाऱ्यांचा मीकात विमानातच येतो, उतरण्याआधी. एहरामची चादर मोठ्या बॅगेत टाकली की ती सामानात जाते, मग काय करणार? घरून किंवा विमानतळावरच नेसून निघावं; नियत मीकातच्या आधी. पहिल्यांदा मदिन्याला जाणारे झुल-हुलैफाला एहराम बांधतात.

बुजुर्ग जहाजाने जायचे, मुंबईहून १९९५ पर्यंत. त्यांना मीकात समुद्रात यायचा.