हँगरमधून ऑफिसात

नोकरीत रुजू होताच नव्या कर्मचाऱ्यापुढे ट्रेनिंग पोर्टल कोर्सांची रांग लावतं: आधी आचारसंहिता, मग डेटा सुरक्षा. पहिला संपेपर्यंत पुढचा उघडत नाही. ही करामत एचआरवाल्यांची वाटते. तिचं मूळ आहे विमान उद्योगात.

कॉम्प्युटरवर शिकवणं तसं जुनंच. इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही अशी प्रणाली १९६० साली सुरू झाली. पण तिथे धडे आणि विद्यार्थ्यांची नोंद एकाच घरची. विमान कंपन्यांची पंचाईत निराळी होती. १९८०च्या दशकात वैमानिक आणि तंत्रज्ञ कॉम्प्युटरवर शिकू लागले, पण एका उत्पादकाचे धडे दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसत. दोन उत्पादकांची विमानं घेतली की शिकवायची सामग्रीही दोन प्रकारची.

हा भुर्दंड टाळायला १९८८मध्ये ‘एआयसीसी’ ही उद्योगाची समिती उभी राहिली. आधी तिने यंत्रांचे निकष ठरवले. खरी कमाल १९९३च्या नियमावलीत होती: धडा कुणीही बनवावा, हजेरी आणि गुण मात्र तो ठरलेल्या पद्धतीने व्यवस्थापन-प्रणालीला कळवेल. अख्खा कोर्सही साध्या मजकुराच्या फायलींत मांडायचा. एकीत धड्यांची यादी, दुसरीत कुठला धडा कुठल्या गटात, आणखी एकीत कशाआधी काय पूर्ण हवं. आजच्या पोर्टलवरची ती कुलपं म्हणजे याच फायलीचे वंशज.

मग अमेरिकी संरक्षण खात्याला हीच अडचण भेडसावली. त्याच्या पुढाकाराने ‘स्कॉर्म’ ही नियमावली आली आणि २००१च्या १.२ आवृत्तीने एआयसीसीचा शब्दसंग्रह जवळजवळ जसाच्या तसा उचलला. धड्याच्या अवस्था सहा: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, अस्पर्शित आणि ‘नुसता चाळला’. शेवटची सर्वांत प्रामाणिक, पण साहेबांच्या तक्त्यात तिला क्वचितच जागा मिळते!

‘स्कॉर्म २००४’ने धड्यांच्या क्रमाचे बारीकसारीक नियम आणले. ते इतके किचकट होते की अनेकांनी १.२ सोडलंच नाही. त्या आवृत्तीत शिकणारा कुठवर आला, काय उत्तरं दिली, ही कोर्सची टिपणं ठेवायला जागा ४,०९६ अक्षरांची. कोर्स लांबला की ती भरते. मग अर्ध्यावर सोडून परतलेल्या कर्मचाऱ्याला कधीकधी पाहिलेल्याच स्लाइड पुन्हा पाहाव्या लागतात.